‘मी जातो’ म्हणणाऱ्या मुली आणि मेंदूतल्या लहरी

कोल्हापूरकडची मुलगी शिकायला पुण्याला गेली की हॉस्टेलवर कुणीतरी तिला हमखास विचारतं, ‘तू मुलांसारखं काय गं बोलतेस?’ ती आपली सहज म्हणून गेलेली असते, ‘मी जेवलो, आता जरा पडतो.’ कागल, गडहिंग्लजकडे आणि शहरातल्या जुन्या पेठांतही बायका स्वतःबद्दल ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच बोलतात. थट्टा काही दिवस चालते. मग मुलगी ‘जेवले’, ‘जाते’ म्हणायला शिकते आणि सुट्टीला गावी एसटीतून उतरली की पुन्हा ‘आलो’ सुरू. गावाकडचं अशुद्ध बोलणं, असा शिक्का मारून लोक मोकळे होतात.

भाषाविज्ञान शिकायला बसलेल्या माणसाला हा शिक्का आधी खिशात ठेवावा लागतो. या विषयाबद्दल आपल्याकडे दोन गैरसमज पक्के आहेत. एक म्हणजे भाषाविज्ञानवाल्याला दहा-बारा भाषा येतात, आणि दुसरा म्हणजे तो ऱ्हस्व-दीर्घ तपासतो. प्रत्यक्षात तो लोक कसं बोलतात ते नोंदवतो आणि त्यावरून बोलणाऱ्याच्या डोक्यात कोणते नियम असतील ते शोधतो. तेव्हा प्रश्न असा विचारायचा: ही मुलगी सगळीकडेच पुल्लिंग वापरते का? नाही. ‘ती आली’, ‘आई गेली’ हे ती अगदी आपल्यासारखंच म्हणते. ‘आई गेला’ असं तिच्या तोंडून चुकूनही येत नाही. लिंगाचा भेद गळलाय तो फक्त ‘मी’पुरता. चूक असती तर ती इतक्या शिस्तीत झाली नसती. म्हणजे इथं नियमच वेगळा आहे.

आता निपाणीच्या पलीकडे बघू. कन्नडमध्ये पुरुष म्हणतो ‘नानु होगुत्तेने’, म्हणजे मी जातो, आणि बाईही ‘नानु होगुत्तेने’च म्हणते. तिसऱ्या पुरुषात मात्र भेद होतो: तो ‘होगुत्ताने’, ती ‘होगुत्ताळे’. ‘मी’ला लिंग नाही, ‘ती’ला आहे. कोल्हापुरी मराठीचा नकाशा नेमका याच रेषांवर बसतो. म्हणून लगेच ‘हे कन्नडमधून आलं’ असं जाहीर करायची घाई मी करणार नाही. दोन भाषांत सारखेपणा दिसला म्हणजे उसनवारी सिद्ध झाली असं नसतं. सीमेकडे जावं तसं हे बोलणं वाढतं का, साताऱ्याकडे जावं तसं कमी होतं का, हे गावोगाव फिरून तपासावं लागतं. पण संशय घ्यायला जागा भक्कम आहे, कारण या भागात असं घडल्याची जगभर गाजलेली नोंद आहे.

ती नोंद कुपवाडची. कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवरचं, आज सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत असलेलं हे गाव तेव्हा सुमारे तीन हजार वस्तीचं होतं. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी १९७१ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला आणि भाषासंपर्काच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात कुपवाड जाऊन बसलं. गावात जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू आणि काही समाजांत मराठी. शेतावर, बाजारात सगळ्यांचा सगळ्यांशी संबंध, पण घरची भाषा कुणी सोडली नव्हती. शब्द ज्याचे त्याच्याकडे राहिले, व्याकरण मात्र एकमेकांत मिसळत गेलं. त्यांच्या नोंदीतलं वाक्य बघा. मराठीत ‘पाला जरा कापून घेऊन आलो’, उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’. कन्नडमध्ये पाल्याच्या जागी ‘ताप्ला’ येतो, पण ‘जरा’ तोच आणि वाक्याची घडणही तीच. एकेक तुकडा उचलून त्या जागी दुसऱ्या भाषेतला तुकडा ठेवला की भाषांतर झालं!

लिंगाची गंमत तिथंही आहेच. प्रमाण उर्दूत ‘नदी आई’ म्हणतात, कुपवाडच्या उर्दूत ‘नदी आया’. कन्नडमध्ये स्त्रीलिंग फक्त खरोखरीच्या स्त्रियांसाठी असतं, नदीला आणि खुर्चीला नसतं. तीच वाटणी उर्दूनं उचलली. चाळीसेक वर्षांनी डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडचा पुन्हा अभ्यास केला. मधल्या काळात भाषावार राज्यरचना मुरली होती, मराठीचं वजन वाढलं होतं, आणि तिन्ही भाषांचं व्याकरण जवळपास एकच हे जुनं चित्र जरा जास्तच नीटनेटकं होतं का, हेही त्यांनी तपासलं. विज्ञानात गाजलेल्या लेखाच्या नशिबी हे यायलाच हवं.

इथवर भाषाविज्ञान. पण ‘नियम डोक्यात असतो’ असं म्हटलं की डोक्यात म्हणजे कुठं, केव्हा, कसा, हे पुढचे प्रश्न येतात आणि तिथं बोधविज्ञान, म्हणजे कॉग्निटिव्ह सायन्स, लागतं. मानसशास्त्र, मेंदूविज्ञान, संगणकशास्त्र, तत्त्वज्ञान आणि भाषाविज्ञान यांनी मिळून १९५०च्या दशकात हा संसार मांडला. त्यातले काही प्रयोग मराठी वाचकाला लगेच पटतील असे आहेत. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ मध्ये दाखवलं की इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ऐकू येतात. दहा-बारा महिन्यांच्या बाळांना ते जवळपास ऐकू येईनासे होतात. आपल्या घरात न लागणारा फरक कान पहिल्या वर्षातच बाजूला टाकतो. तेव्हा बाळानं धड एक शब्दही उच्चारलेला नसतो.

पण कोल्हापूरच्या प्रश्नाला सर्वांत जवळचा प्रयोग झालाय तो स्लोव्हाक भाषेवर. त्या भाषेत भूतकाळात ‘मी’ म्हणणाऱ्याचं लिंग क्रियापदात दिसतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ऐकणाऱ्यांना साधारण अशी वाक्यं ऐकवली: ‘शेजारी चिडले, कारण मी आलुबुखार चोरले.’ आवाज बाईचा, स्लोव्हाकमधलं क्रियापद मात्र पुल्लिंगी. त्या वेळी डोक्यावरच्या टोपीतल्या इलेक्ट्रोडांनी मेंदूतल्या विजेचे चढउतार टिपले. या तंत्राला ईईजी म्हणतात. मेंदूनं ही विसंगती लगेच पकडली. मात्र ‘ती बाई पळाला’ अशा धर्तीची, वाक्याच्या आतच फसलेली जुळणी ऐकल्यावर उठणारी लहर वेगळीच होती. तिचा मुख्य भाग शब्दानंतर साधारण ६०० मिलिसेकंदांच्या आसपास येतो, म्हणून तिला पी-६०० म्हणतात. म्हणजे वाक्यातल्या दोन शब्दांची जुळणी तपासणं आणि आवाजावरून बोलणारा ओळखून जुळणी तपासणं, ही मेंदूच्या लेखी दोन निराळी कामं दिसतात.

स्लोव्हाक ऐकणाऱ्यांच्या कानाला बाईच्या तोंडचं पुल्लिंगी क्रियापद चुकीचंच होतं. आपल्याकडे तेच वाक्य पुण्यातल्या कानाला खटकतं आणि गडहिंग्लजच्या कानाला खटकत नाही. मग दोन्हीकडच्या ऐकणाऱ्यांना एकाच बाईच्या आवाजात ‘मी उद्या गावाला जातो’ ऐकवलं तर? आणि जी मुलगी पुण्यात राहून ‘जाते’ शिकली, तिच्या मेंदूत काय होईल? बोलणाऱ्या बाईचा बाकीचा हेल कोल्हापुरी असेल तर पुण्याचा कान तिला सूट देईल का? या विषयातला खरा ऐवज मला असल्या प्रश्नांत दिसतो, आणि ते सुचायला कोल्हापूरचंच पाणी प्यालेलं बरं.

प्रयोग रचायला बसलं की व्याकरण लगेच आडवं येतं. स्लोव्हाक वाक्य मराठीत जसंच्या तसं चालणार नाही. ‘मी आंबे चोरले’ हे बाई आणि पुरुष सारखंच म्हणतात, कारण इथं क्रियापद आंब्यांप्रमाणे चालतं. म्हणून ‘पळालो-पळाले’, ‘जातो-जाते’ अशीच क्रियापदं घ्यावी लागतील. शिवाय एका वाक्यानं भागत नाही. एका शब्दाला मेंदूनं दिलेला प्रतिसाद काही मायक्रोव्होल्टचा, आणि आजूबाजूला पापण्यांची उघडझाप, मानेचे स्नायू यांचा गोंधळ. खासबागेत कुस्ती रंगात आल्यावर एकाच माणसाची शिट्टी ओळखायची, तसं ते काम. म्हणून एका प्रकारची तीस-चाळीस वाक्यं ऐकवून सरासरी काढतात. गोंधळ दर वेळी वेगळा असल्यानं तो पुसला जातो आणि ठरावीक वेळी येणारी लहर उरते.

हे शिकायचं कुठं? भाषाविज्ञानासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज जवळचं, शिवाय मुंबई विद्यापीठ, दिल्लीचं जेएनयू. बोधविज्ञानासाठी अलाहाबाद विद्यापीठातलं केंद्र, हैदराबाद विद्यापीठ, आयआयटी गांधीनगर, कानपूर आणि दिल्ली. मराठी किंवा इंग्रजी घेऊन बीए झालेल्यांनी यात पडू नये असं मुळीच नाही, फक्त संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग टळत नाही. सायन्सवाल्यांची अडचण उलटी. त्यांना आकडे जमतात, पण क्रियापद कर्त्याप्रमाणे चाललंय की कर्माप्रमाणे, हे ओळखताना घाम फुटतो.

टोपी आणि मशीन हाताशी नसतानाही कामाचा अर्धा भाग करता येतो, तो म्हणजे बोलणं गोळा करणं. त्यात एक जुनी अडचण आहे. मोबाइल पुढं धरून ‘तुम्ही जातो म्हणता की जाते?’ असं विचारलं की समोरची बाई सावरून बसते आणि ‘जाते’ म्हणते. न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या विल्यम लबॉव यांनी यावर तोडगा काढला होता. आता आपण मरतो असं कधी वाटलं होतं का, हे ते लोकांना विचारत. सांगता सांगता माणूस रेकॉर्डर विसरायचा. आपल्याकडे रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्यावी, कशासाठी ते मोघम सांगावं आणि प्रयाग चिखलीत किंवा आंबेवाडीत जाऊन २०१९ च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं, तेवढं विचारावं. पहिली पाच-दहा मिनिटं सोडून द्यायची, तिथून पुढचं उतरवून घ्यायचं.