नवेगावबांधला एक दिवस : गाडी बुक करण्याआधी एवढं वाचा

थंडी पडली की नागपुरात आमच्याकडे गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांध तलावासाठी गाड्यांची बुकिंग सुरू होते आणि तेच ते प्रश्नही. म्हणून हे एकदाचं छापून टाकलं.

रस्ता सोपा आहे. नागपूरहून भंडारा, साकोली करत रायपूर हायवेने कोहमाऱ्यापर्यंत आणि तिथून उजवीकडे. जाऊन-येऊन पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. आमचं पॅकेज 300 किलोमीटरचं. मीटर आमच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. "आम्ही तर घरून बसलो" असं बरेच जण म्हणतात, पण तुमच्या दारापर्यंत गाडी डिझेल पिऊनच येते.

गडबड होते ती दुपारी जेवण झाल्यावर. "भाऊ, एवढ्या दूर आलो त नागझिराबी करून टाकू न!" मग कुणाला इटियाडोह धरण आठवतं, कुणाला गोठणगावची तिबेटी वसाहत. चटया गुंडाळायच्या, झोपलेली पोरं उचलायची, आजीला पुन्हा गाडीत चढवायचं. नागझिऱ्याची सफारी ठरल्या वेळेलाच सुटते आणि तिचं बुकिंग आधी करावं लागतं. म्हणजे गेटवरून परत. तलाव अर्धा राहिला, वाघाचं तर नावच नको आणि घरी पोचायला रात्रीचे अकरा. वर जास्तीच्या किलोमीटरचं बिल पाहून वाद आमच्याशी.

म्हणून जे पाहायचं ते बुकिंगच्या वेळीच सांगा. ऐनवेळी ड्रायव्हर नाही म्हणाला तर तो अडून बसला असं समजू नका. पहाटे चारला उठलेल्या माणसाला रात्री ट्रकांच्या रांगेत गाडी हाकायला आम्ही लावत नाही.

खरं तर तलावच दिवसभर पुरतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात. पसारा सुमारे 11 चौरस किलोमीटर, भोवती जंगलाने भरलेल्या टेकड्या; त्यांना 'सात बहिणी' म्हणतात. हिवाळ्यात बाहेरून आलेली बदकं उन्हं वर येण्याआधी काठाजवळ दिसतात, नंतर आत सरकतात. दुर्बीण आमच्या गाडीत असते, मागून घ्या. सारस पक्षी पाहायची हौस असेल तर जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांकडे नजर ठेवा. दिसेलच असं नाही. बोटिंगचीही हमी देत नाही.

रोडगे (गोवऱ्यांवर भाजायचे कणकेचे गोळे) घरून भाजून आणा. जंगलाच्या हद्दीत गोवऱ्या पेटवायच्या नाहीत, त्यावर आमचा ड्रायव्हरही ऐकणार नाही. वांग्याची भाजी घट्ट झाकणाच्या डब्यात; सीटवर सांडलेली तर्री धुऊनही निघत नाही.

ज्यांच्याकडे आठच्या आधी आंघोळी उरकत नाहीत, त्यांनी सरळ रामटेकजवळचा खिंडसी तलाव घ्यावा. पन्नासेक किलोमीटर, टेकड्या तिथेही आहेत, अर्ध्या दिवसाच्या भाड्यात जमतं.

नवेगावसाठी गाडी पहाटे साडेपाचला दारात येते. पहिला अर्धा तास थांबायचे पैसे आम्ही लावत नाही.