सातमाशांचा इतिहास: एक टाका, काही मेंढ्या आणि दीड हजार डॉलरचं इंजेक्शन

"सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही." ठाण्यात, नौपाड्यातल्या जुन्या चाळीत हे वाक्य अजून ऐकू येतं. हिशेब उलटा आहे. पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या पथ्यावरच पडतो. पण आजीला हसण्यात अर्थ नाही, या विषयात डॉक्टरांचेही अंदाज बरेच चुकलेत.

३७ आठवडे भरायच्या आत झालेलं बाळंतपण म्हणजे अकाली प्रसूती. जंतुसंसर्ग, जुळी, वाढलेला रक्तदाब, गर्भाशयाचं तोंड आखूड किंवा सैल असणं, आधीचं बाळंतपण लवकर झालेलं असणं, ही ठाऊक कारणं. पुष्कळदा मात्र कारण हाती लागतच नाही, आणि मग औषध नेमकं कशावर द्यायचं?

सैल तोंडावरचा इलाज आपल्या शेजारचा, मुंबईचा. मूळचे गोव्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी १९५५ साली 'टाका' घालण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. दोरा म्हणून त्यांनी मांडीच्या स्नायूंवरच्या चिवट आवरणाची पट्टी वापरली! आज ठाण्यात एखादी सहज सांगते, "मला टाका घातलाय, जिने चढायचे नाहीत." तो टाका जगभर शिरोडकरांच्या नावाने ओळखला जातो, हे तिच्या गावीही नसतं.

कळा थांबवायच्या औषधांची कथा एवढी गोड नाही. साठच्या दशकात चक्क शिरेतून अल्कोहोल देत. १९८० साली अमेरिकेत रिटोड्रिनला मंजुरी मिळाली, पण त्याने आईच्याच छातीत धडधड व्हायची. पुढे ते तिथल्या बाजारातून गेलं आणि त्याची जागा घेणारं मंजूर औषध तिथे अजून नाही. युरोपात अ‍ॅटोसिबान आलं. आपल्याकडे बहुतेकदा निफेडिपिन देतात, म्हणजे मुळात रक्तदाबाची स्वस्त गोळी. यातलं काहीही दिलं तरी हाती लागतात जेमतेम दोन दिवस.

त्या दोन दिवसांचं मोल कळलं ते न्यूझीलंडमधल्या मेंढ्यांमुळे. तिथले प्रसूतितज्ज्ञ लिगिन्स स्टेरॉइड देऊन मेंढ्यांची प्रसूती लवकर घडवून बघत होते. जगू नये इतकं अपुऱ्या दिवसांचं कोकरू श्वास घेत राहिलं, कारण त्याची फुप्फुसं उघडली होती. १९७२ मध्ये लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ हॉवी यांनी हाच परिणाम माणसांच्या बाळांतही दाखवला. स्टेरॉइडला बाळाची फुप्फुसं तयार करायला ते दोन दिवस पुरतात. तरी हा उपचार सर्रास व्हायला आणखी वीसेक वर्षं गेली.

बाजाराचं गणित वेगळंच. मकेना हे अकाली प्रसूती टाळण्यासाठीचं, प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या धर्तीचं इंजेक्शन २०११ मध्ये अमेरिकेत आलं ते एका डोसला दीड हजार डॉलर सांगत. तिथल्या औषध दुकानांत तेच औषध वीसेक डॉलरच्या आत बनवून मिळत होतं. मोठ्या चाचणीत ते निरुपयोगी ठरलं आणि २०२३ मध्ये मंजुरी गेली. तेव्हापासून नव्या औषधावर पैसा लावायला कंपन्या बिचकतात, आणि पोटातल्या बाळावर चाचणी करायची म्हणजे जोखीमही मोठी. माझ्या मते नजीकच्या काळात पैसा फिरेल तो तपासण्या, प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल आणि नवजात अतिदक्षता विभागांभोवती, म्हणजे लोकांच्या भाषेत 'काचेच्या पेटी'भोवती.

मुरबाड-शहापूरकडून कळव्याच्या किंवा ठाण्याच्या सरकारी रुग्णालयाकडे निघालेल्या बाईला ती पेटी दूरच असते. तिच्यासाठी केंद्र सरकारने २०१४ मध्ये सूचना काढली: ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या, तर डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा पहिला डोस उपकेंद्रातल्या नर्सनेच द्यायचा आणि मग गाडीत बसवायचं.