भुताचा वाडा (गुप्तहेर मालिकांतील)

गुप्तहेर मालिकेच्या ज्या भागात तपास एखाद्या झपाटलेल्या घराभोवती फिरतो, तो भाग म्हणजे भुताच्या वाड्याचा भाग. रात्री माडीवर पावले वाजतात, खिडकीत चेहरा दिसतो, बिऱ्हाडकरू पळून जातात. शेवटी गुप्तहेर भुताला हात घालतो आणि हाताला माणूस लागतो. गंमत म्हणजे शेवट आधीच ठाऊक असतो, तरी पाहणारा घाबरायचा तिथे घाबरतोच.

या प्रकाराचा एक नियम लिखित आहे. रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेची दहा पथ्ये सांगितली. त्यांत अलौकिक शक्तीला मज्जाव आहे आणि गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको, असेही बजावले आहे. म्हणजे भूत चालणार नाही, पण एक चोरवाट चालेल. भुताच्या वाड्याचे बहुतेक भाग एवढ्याच सवलतीवर उभे आहेत.

दूरदर्शनवरील 'भूत'

मराठी घरांमध्ये हा प्रकार रुजला तो मुख्यतः हिंदी मालिकांमधून. बासू चटर्जी दिग्दर्शित 'ब्योमकेश बक्शी' ही मालिका १९९३ मध्ये दूरदर्शनवर आली. रजित कपूर गुप्तहेर ब्योमकेश, के. के. रैना त्याचा मित्र अजित आणि आपल्या सुकन्या कुलकर्णी त्याची पत्नी सत्यवती. या मालिकेतला 'भूत' हा भाग या प्रकाराचा उत्तम नमुना आहे. बंगाली लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय यांची मूळ कथा बिहारमधल्या मुंगेरची. ज्या घरात एका सराफाचा खून झाला, त्याच घरात नंतर राहायला आलेल्या वृद्ध गृहस्थांना रात्री खिडकीत कोणीतरी दिसते. भुतांवर विश्वास असणारे वरदाबाबू ब्योमकेशशी वाद घालतात. सराफाचे जवाहीर मात्र सापडलेले नसते. लक्ष देणाऱ्याला हे एक वाक्य पुरते. ब्योमकेश भूत खरे की खोटे यात वेळ दवडत नाही; घर रिकामे झाले तर कोणाचे फावेल, एवढेच तो पाहतो. ('सीआयडी' १९९८ पासून वीस वर्षे चालली. तिच्यातही असे भाग पुष्कळ आहेत आणि भुताला भिणारा इन्स्पेक्टर फ्रेडरिक्स त्यांत हमखास असतो. पण तिथे घरापेक्षा धावपळ जास्त.)

कोल्हापूरचा वाडा

कोल्हापूरच्या जुन्या पेठांमध्ये वाढलेल्या प्रेक्षकाला हे भाग अधिक भिडतात, कारण पडद्यावरचे घर त्याला आतून माहीत असते. खाली काळ्या दगडाचे जोते, वर वीट-मातीच्या हातहात रुंद भिंती, सागवानी खांब आणि तुळया. दिंडीतून वाकून आत गेले की चौक, मग सोपा, त्यामागे दिवसाही दिवा लागणारे माजघर. अरुंद जिन्याच्या तोंडाशी झडप. धान्यासाठी बळद किंवा पेव. यांतली प्रत्येक जागा माणूस लपवू शकते आणि आवाज एकीकडचा दुसरीकडे नेऊ शकते.

भीतीची कारणेही याच बांधणीत असतात. इथला पावसाळा लांब आणि ओला. लाकूड फुगते, पुढे कोरड्या थंडीत आकसते आणि रात्रीच्या शांततेत तुळई कडकन वाजते. आढ्याला पारवे आणि वटवाघळे असतात. गव्हाणी घुबडाचा पांढरा चेहरा आणि त्याचा फूत्कार ज्याने रिकाम्या माडीवर अनुभवला, त्याला हडळीची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. पिंपळ असला की मुंजा आलाच. लोक मात्र भुताचे नाव सहसा घेत नाहीत. 'तिथं काहीतरी हाय', 'ती जागा कुणाला लाभत न्हाई', एवढेच म्हणतात.

आणि वाडा बंद का पडतो? बहुधा भाऊबंदकीने. वाटण्यांचा दावा वर्षानुवर्षे चालतो, कुलूप गंजते, चौकात रुई आणि एरंड माजतो. मग 'लाभत नाही' ही बोली सुरू होते आणि जागेचा भाव पडतो. मालिकेतला खलनायक नेमके हेच घडवून आणतो. म्हणून असा भाग पाहताना जाणती माणसे भुताकडे कमी आणि सात-बाराकडे जास्त पाहतात, आणि ते योग्यच आहे.

पडद्यावरची भीती बनवणे या गावाला नवे नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या 'सैरंध्री' (१९२०) या मूकपटातला कीचकवध इतका खरा वाटला की तो प्रसंग सेन्सॉरला कापावा लागला. पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. रंगवलेल्या कापडाला भिंत कसे करायचे, हे इथल्या सुतार-रंगाऱ्यांना तेव्हापासून ठाऊक आहे.

उलगड्याचा प्रसंग

या भागांचे खरे सौंदर्य शेवटच्या दहा मिनिटांत असते. सगळ्यांना त्याच खोलीत बसवून गुप्तहेर भूत पुन्हा करून दाखवतो: ही दोरी, हा आरसा, ही झडप. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते चमत्कारांची प्रात्यक्षिके करतात, त्यांचीही रीत हीच. नुसते 'भूत नाही' म्हटल्याने भीती जात नाही. युक्ती डोळ्यांदेखत उलगडली की जाते. ज्या भागात हा प्रसंग घाईने उरकला आहे, तो भाग फसला असे समजावे.

अपवाद

शरदिंदुबाबू १९५२ पासून पुण्यात राहत होते. त्यांनी ब्योमकेशला एकदा महाबळेश्वरलाही आणले. 'शैलरहस्य' ही ती कथा. थंड, जवळजवळ ओस पडलेल्या हॉटेलात ब्योमकेशला रात्री कोणाची तरी चाहूल लागते, आणि या वेळी तिच्यामागे दोरी, आरसा काही निघत नाही. आयुष्यभर पुरावा मागणारा हा माणूस मृताचा इशारा धरून तपास करतो आणि अजितला पत्रातून तसे कबूलही करतो. नॉक्स यांचे पथ्य इथे सरळ मोडले आहे. खून मात्र माणसानेच केलेला आहे, पैशासाठी.