कारस्थानकथा (मराठवाडा)

कारस्थानकथा : दुष्काळ, साथ, भूकंप किंवा रातोरात आलेला सरकारी निर्णय यांमागे काही बलाढ्य माणसांनी गुपचूप रचलेला डाव आहे, असे सांगणारी आणि कोणत्याही पुराव्याने न खोडली जाणारी गोष्ट. तिला कटसिद्धांत किंवा षड्यंत्रसिद्धांत असेही म्हणतात, पण हे शब्द छापील आहेत. मराठवाड्यात पारावर आणि हॉटेलात त्याच अर्थाने ‘कुठंतरी पाणी मुरतंय’, ‘सगळी सेटिंग हाय’, ‘हे वरूनच ठरलंय’ असे म्हणतात. (हॉटेलात ‘कट’ मागितला की अर्धा कप चहा येतो, हा निव्वळ योगायोग, मात्र बहुतेक कटांची चर्चा त्याच अर्ध्या कपावर होते.)

अफवा आणि कारस्थानकथा सख्ख्या बहिणी असल्या तरी एक नव्हेत. अफवा ‘असं झालं’ एवढेच सांगते आणि दोन दिवसांत शिळी होते. कारस्थानकथा ‘असं केलं’ म्हणते, कुणी केले ते सांगते आणि वर्षानुवर्षे टिकते. विरुद्ध पुरावा आणून दिला, तर आणणाराही कटात सामील ठरतो. समाजात जे वाईट घडते ते कुणीतरी मुद्दामच घडवलेले असते, या समजुतीवर कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने १९४५ साली बोट ठेवले होते.

प्रत्येक संशय मात्र या सदरात टाकू नये. ‘वरच्या धरणवाल्यांनी आमचं पाणी अडवलं’ ही गोदाकाठची तक्रार वर्षानुवर्षे रडगाणे म्हणून उडवून लावली जात होती. पुढे समन्यायी वाटपाचा २००५ चा कायदा आला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडावे लागू लागले. ही तक्रार कागदावर मोजता आली, म्हणून ती टिकली. बोगस बियाण्यांचेही तेच. पेरलेले उगवले नाही, हे डोळ्यांनी दिसते. खरे डाव असतात, उघडकीलाही येतात. ज्या मुलखात ते वारंवार पाहिलेले असतात, तिथे पुढच्या कथेला ओलावा आयताच मिळतो.

या प्रदेशाची सर्वांत खास कारस्थानकथा म्हणजे ढग पळवणारे विमान. ‘आभाळ भरून येतंय, इमान एक चक्कर मारतंय अन् ढग पांगतेत बगा,’ असे सांगणारा माणूस बीड, जालना, धाराशिव यांपैकी कोणत्याही जिल्ह्यात भेटतो. ढग पळवणारा कोण, हे मात्र गावागणिक बदलते. कुणी रस्त्याच्या ठेकेदाराचे नाव घेतो, कुणी वीटभट्टीवाल्यांचे, कुणी पाऊस नको असलेल्या द्राक्षबागायतदारांचे.

गंमत म्हणजे विमाने खरोखरच फिरली आहेत, फक्त उलट कामासाठी. २०१४ आणि २०१५ या लागोपाठच्या दोन वर्षी मराठवाड्यात मोसमी पाऊस सरासरीपेक्षा सुमारे ४० टक्के कमी पडला. ऑगस्ट २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादहून कृत्रिम पावसासाठी विमाने उडवली गेली. शेजारच्या सोलापुरात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने शास्त्रीय प्रयोग केला. ढगात क्षारांचे किंवा सिल्व्हर आयोडाइडचे कण सोडले की त्यांभोवती थेंब मोठे होतात, अशी ही रीत. तिने नवा ढग तयार होत नाही. असलेल्या ढगातून थोडे जास्त पाणी काढता येते. सोलापूरच्या प्रयोगात काही भागांत सरासरी १८ टक्के जास्त पाऊस मिळाल्याचा निष्कर्ष निघाला.

आता हेच बांधावरून पाहा. विमान उडते ते आभाळ भरून आल्यावरच, कारण निरभ्र आकाशात त्याचे काही काम नसते. मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे भरून आलेले आभाळ बरेचदा न पडताच सरते, विमान येवो न येवो. शिवाय शास्त्रीय प्रयोगात तुलनेसाठी काही ढग मुद्दाम तसेच सोडतात. तेव्हा शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर क्रम लागतो तो असा : ढग आले, विमान आले, ढग गेले. त्याने पाहिले त्यात खोटे काहीच नाही. ज्या दिवशी विमान आले नाही आणि ढग तरीही गेले, तो दिवस कुणाच्या लक्षात राहत नाही, एवढीच खोट. २०१५ च्या श्रावणात सोयाबीन माना टाकत असताना कुणी येऊन हा प्रयोग बांधावर समजावून सांगितला असता, तर कथेची निम्मी हवा गेली असती, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

अशा कथा का पटतात, यावर मानसशास्त्रात बरेच काम झाले आहे. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ज्यांना आपल्या हातात काही नाही असे मुद्दाम वाटायला लावले, त्यांना नुसत्या ठिपक्यांच्या चित्रातही आकृत्या दिसू लागल्या आणि साध्या घटनांत कट दिसू लागला. कोरडवाहू शेतीत हातात नसलेल्या गोष्टींची यादी वेगळी द्यायला नको. दुसरे कारण मापाचे : मोठ्या घटनेला कारणही मोठेच हवे, असे मनाला वाटते. तिसरे सगळ्यांत साधे. तीच गोष्ट तीनदा कानावर पडली की ती ओळखीची वाटते आणि ओळखीची गोष्ट खरी वाटते. भावकीच्या ग्रुपवर, सोयऱ्यांच्या ग्रुपवर आणि दिंडीच्या ग्रुपवर एकच व्हिडिओ आला, तर माणसाला साक्षीदार तीन झाले असे वाटते. मूळ एकच असते.

भूकंपाचे उदाहरण याहून बोलके आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरताना, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. पडझड झाली नव्हती अशा दूरच्या गावांतही लोक कित्येक रात्री अंगणात झोपले आणि ‘आज रात्री मोठा धक्का हाय’ ही बातमी रोज नव्याने येत राहिली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी हुबेहूब असेच नोंदवले होते. धक्का जाणवला पण नुकसान झाले नाही, अशा भागांत आणखी भयंकर संकटाच्या अफवा पिकल्या होत्या. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात त्यावरून एक उलटा तर्क मांडला. या अफवा भीती निर्माण करत नव्हत्या. भीती आधीच होती आणि तिला शोभेल असे कारण माणसे शोधत होती. मनातल्या दोन गोष्टी जुळेनात की माणूस अस्वस्थ होतो आणि त्या कशातरी जुळवून घेतो, असे सांगणाऱ्या त्याच्या वैचारिक विसंगतीच्या प्रसिद्ध सिद्धांताची एक सुरुवात इथली आहे.

किल्लारीच्या बाबतीत ‘धरणामुळं झालं’ असेही बोलले गेले. तेरणा प्रकल्पाच्या जलाशयाचा काही संबंध आहे का, हा प्रश्न भूशास्त्रज्ञांनीही विचारला होता. तेव्हा तो प्रश्न विचारणाऱ्याला वेड्यात काढणे गैर. धरण मुद्दाम आपल्याला गाडायला बांधले, इथपर्यंत गाडी गेली की मगच ती कारस्थानकथा होते.

लशीबद्दलच्या कथा सगळ्या देशात फिरल्या, मराठवाडा अपवाद नव्हता. ‘सुई घेतली की पोर होत नाही’, ‘दोन वर्षांत माणूस जातो’ ही त्यांतली ठळक वाक्ये. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात लसीकरण इतके मागे होते, की लस घेतल्याशिवाय रेशन आणि पेट्रोल न देण्याचा आदेश काढावा लागला. आकडा वाढायला त्याचा उपयोग झाला असेल. संशयी माणसाने मात्र त्यातून एवढेच घेतले : ‘चांगली असती तर जबरदस्ती कशाला केली असती?’ पिढी मागे गेले तर आणीबाणीतल्या नसबंदीची आठवण निघते. आणि तितके मागे जायचेही कारण नाही. २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. खाडा पडला की पैसे कापणारी मुकादमाची पद्धत आणि पिशवी काढायचा सल्ला देणारे खाजगी दवाखाने, दोन्हींकडे बोट दाखवले गेले. ज्या बाईची पिशवी अशी गेली, तिने पुढे डॉक्टरच्या हातातल्या सुईकडे संशयाने पाहिले, तर तिला अडाणी म्हणणाऱ्याने स्वतःचे अज्ञान तपासावे.

अशा कथा मानणाऱ्याशी मैत्री कशी टिकते, हा प्रश्न शहरात अवघड वाटतो, तिथे माणूस ग्रुप सोडून निघून जातो. गावात तशी सोय नाही. ज्याच्याशी विमानावरून वाजले, त्याच्याशीच उद्या सावड असते : आज त्याच्या रानात आपण, उद्या आपल्या रानात तो. त्याचा बैल आपल्या तिफणीला, आपली मोटर त्याच्या विहिरीवर. त्यामुळे न सांगता पाळल्या जाणाऱ्या काही रीती तयार झाल्या आहेत. वडीलधाऱ्याला चारचौघांत खोडत नाहीत. ‘तात्या, हे कुठून आलं, बघू द्या की’ म्हणून फोन हातात घेतात आणि नंतर वाटेत, दोघेच असताना, विषय काढतात. ‘खोटंय’ म्हणण्याऐवजी ‘तुम्ही पाहिलं का कुणी सांगितलं?’ असे विचारतात. सांगणाऱ्याचा सांगणारा आणि त्याचाही सांगणारा शोधत गेले, की बहुतेक कथा तालुक्याच्या गावी बसस्टँडवर येऊन थांबतात.

सांगायचेच नाही, हे धोरणही बरोबर नव्हे. चूक दुरुस्त केली की माणूस उलट अधिकच हट्टाला पेटतो, असे २०१० च्या सुमारास मानले जाऊ लागले होते. पण दहा हजारांहून अधिक लोकांवर केलेल्या नंतरच्या अभ्यासात हा परिणाम जवळपास दिसलाच नाही. माणसे माहिती स्वीकारतात, बाजू मात्र बदलत नाहीत. २०२४ च्या एका संशोधनात संगणकीय संवादयंत्राने लोकांच्या नेमक्या मुद्द्यांना नेमकी उत्तरे दिली, तेव्हा कटावरचा विश्वास सरासरी २० टक्क्यांनी उतरला आणि दोन महिन्यांनंतरही तो तसाच राहिला. यंत्राला राग येत नाही आणि त्याला जुनी भांडणे आठवत नाहीत, हा त्याचा मोठा फायदा.

सगळ्यांत कामाला येतो तो कथेखालचा खरा प्रश्न. विमान मानणारा आणि न मानणारा, दोघांच्याही पीकविम्याचा हिशेब बरेचदा महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाशी येऊन अडत आला आहे. एका मंडळात कितीतरी गावे असतात आणि पाऊस मात्र बैलाच्या एका शिंगावर पडतो, दुसऱ्यावर नाही. मापक भिजला आणि रान कोरडे राहिले, की कागदावर पाऊस झालेला असतो. ‘आमचा पाऊस चोरला’ या वाक्यात म्हणूनच अगदीच तथ्य नाही असे नाही. चोर आभाळात शोधला जातो एवढेच. मापक कुठे आहे, आकडा कोण नोंदवतो, तक्रार किती तासांत करायची, यावर हे दोघे एका मोटारसायकलवर तहसीलला जाऊ शकतात. जातातही. येताना एखादे विमान दिसले, तर मागे बसलेला वर बोट दाखवतो आणि पुढचा गाडी चालवत राहतो.

हे सारे सामंजस्य कथेतला खलनायक दूरचा असेपर्यंतच. तो ओळखीचा किंवा वाटेने चाललेला माणूस झाला, की मित्राचे काम बदलते. जून २०१८ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या चांडगावात दरोडेखोर समजून जमावाने केलेल्या मारहाणीत दोघांचा जीव गेला. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना ठार मारले गेले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. अशा वेळी वाटेत दोघेच असण्याची वाट पाहायची नसते. जमलेल्या माणसांतून आपल्या माणसाला हात धरून बाहेर काढायचे आणि पोलीस पाटलाला फोन लावायचा असतो.

करणी आणि भानामतीचा संशय हा याच जातीचा, फक्त जुना. मराठवाड्याला तो व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. तिथे अदृश्य हात परदेशात किंवा मंत्रालयात नसतो, शेजारच्या घरात असतो, आणि बहुधा एकट्या राहणाऱ्या बाईचा असतो. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या खुनानंतर महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. अमुक व्यक्ती करणी करते, किंवा मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवते, असे जाहीर करणे हाही त्या कायद्याच्या अनुसूचीत गुन्हा आहे.