लाल भोपळ्याचं मादी फूल आलं म्हणजे भोपळा धरला असं नाही

दर श्रावणात कोणीतरी फोटो पाठवतं, लिंबाएवढा भोपळा पिवळा पडून वेलाखाली गळलाय, आणि खाली प्रश्न, कुठलं औषध मारू? अहो, औषध कसलं मारताय, तो धरलाच नव्हता.

नर फूल सगळ्यांना माहितीय. लांब सडसडीत देठ, आत एकच दांडी, आधी हीच येतात आणि भजी ह्यांचीच करायची. पहिले आठ-दहा दिवस नुसती नर फुलं आली तर वेल वांझ म्हणून उपटू नका.

गोंधळ आहे तो मादी फुलाचा. देठ आखूड आणि बुडाशी इवलासा गोल भोपळा. हा भोपळा कळी असल्यापासून असतो, फूल उमलायच्याही आधी, आणि लोक तो बघून घरभर सांगत सुटतात की भोपळा लागला. फूल उमलेल त्याच सकाळी नराचे पराग आत पोचले तरच तो वाढतो, नाहीतर तीन-चार दिवसांत पिवळा पडून गळतो. फूल पहाटे उमलतं नि दहाच्या आत मिटायला लागतं, त्यात कोकणातला पाऊस, पराग भिजतात, मधमाशी बाहेर पडत नाही, मग धरणार कसा?

म्हणून हाताने लावायचं. उद्या उमलणाऱ्या कळीचं टोक पिवळं दिसतं, अशा नर-मादी कळ्या संध्याकाळीच दोऱ्याने हलक्या बांधून ठेवा म्हणजे आत पाणी जात नाही. सकाळी सहा-सातला सोडा, नर फुलाच्या पाकळ्या काढा आणि दांडीवरची पिवळी पूड मादीच्या आतल्या बोंडावर सगळीकडून फिरवा. दुधीचं फूल चालत नाही, ते पांढरं, संध्याकाळी उमलणारं, जातच वेगळी.

फळमाशीने टोचलेला भोपळा ओळखायला सोपा, टोचल्या जागी डिंकासारखा थेंब आणि कापलात की आत अळ्या. अळ्या नसतील तर फवारणी करूच नका, सकाळी मारलेल्या औषधाने असलेल्या मधमाश्यापण मरतात.

आणि भजीसाठी मादी फुलं खुडणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

गेल्या साली मांगरावरच्या, म्हणजे शेतातल्या खोपटावरच्या, वेलाची नऊ फुलं हाताने लावली, सहा धरली. एक कोवळा ऋषीच्या भाजीत गेला, बाकीचे देठ सुकून सालीत नख रुतेना तोवर वेलावरच ठेवले. शेवटच्याचे घारगे शिमग्याला केले.