सोड्याची झिणझिण बुडबुड्यांमुळे येत नाही

उन्हाळ्यात कोकम सोडा, जिरा सोडा, आल्याचा सोडा चाखताना एक समज हमखास ऐकू येतो: जिभेला टोचतात ते फुटणारे बुडबुडे. हे खरं नाही.

पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड तोंडात आला की कार्बोनिक अॅनहायड्रेज हे विकर त्याचं झटपट आम्ल बनवतं. ते आम्ल वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं आणि झिणझिण जाणवते. पुरावा भक्कम आहे. जास्त दाबाच्या बंद कक्षात बुडबुडे तयारच होत नाहीत. तिथे सोडा प्यायलेल्यांनाही ती टोचणी जाणवली. माझ्या मते याहून बोलका दाखला गिर्यारोहकांचा. उंचीचा त्रास टाळायला ते अॅसिटाझोलामाइड घेतात, हे औषध त्याच विकराला अडवतं, आणि मग फेसाळती बिअरही मिळमिळीत लागते.

बुडबुड्यांच्या स्पर्शाने टोचणी थोडी वाढते, एवढंच. महत्त्व आहे विरघळलेल्या वायूला, आणि तो गार पाण्यात जास्त टिकतो. म्हणून ग्लासात बर्फ घालण्यापेक्षा बाटलीच आधी थंडगार करा. बर्फावर वायू भराभर निसटतो, शिवाय कोकमाची चव पातळ होते.