लहान मुलासह परदेशी स्थलांतर: पाळणाघरातील प्रवेशाविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

परदेशातील नोकरीचे पत्र हाती आले की बहुतेक कुटुंबे व्हिसा, घर आणि प्रवास या क्रमाने तयारीला लागतात, आणि मुलाच्या पाळणाघराचे तिथे पोहोचल्यावर पाहू असे ठरवतात. आमच्या मते हा क्रम बदलायला हवा. मूल शाळेच्या वयाचे नसेल, तर पाळणाघरात जागा केव्हा मिळू शकेल हे आधी समजून घ्यावे, आणि घराचा परिसर व शक्य असल्यास रुजू होण्याची तारीखही त्यानुसार ठरवावी. जागा मिळेपर्यंत आई-वडिलांपैकी एकाला घरी थांबावे लागते आणि ही जबाबदारी बहुधा न बोलताच आईवर येऊन पडते. म्हणून निघण्यापूर्वी दोघांनी याविषयी स्पष्टपणे बोलून घ्यावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

पाळणाघरांचे प्रवेश सर्वत्र वर्षभर सारखे चालू नसतात. जपानमध्ये मान्यताप्राप्त पाळणाघरांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. त्यासाठीचे अर्ज साधारणपणे आदल्या वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत नगरपालिकेकडे करावे लागतात, आणि दोन्ही पालकांचे कामाचे तास, कौटुंबिक परिस्थिती अशा बाबींना गुण देऊन क्रम लावला जातो. मध्येच येणाऱ्या कुटुंबाला एखादी जागा रिकामी झाली तरच संधी मिळते. नॉर्वेत मुख्य प्रवेश ऑगस्टमध्ये होतात आणि बहुतेक नगरपालिका १ मार्चपर्यंत अर्ज मागवतात. स्वीडनमध्ये अर्ज केल्यापासून चार महिन्यांच्या आत जागा देणे नगरपालिकेवर बंधनकारक आहे. फिनलंडमध्येही अर्ज चार महिने आधी करायचा असतो, मात्र पालकाला अनपेक्षितपणे काम मिळाल्यास दोन आठवड्यांची मुदत पुरेशी धरली जाते. जर्मनीत १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे. तथापि हक्क असला म्हणजे घराजवळ जागा मिळतेच असे नाही, कारण अनेक शहरांत बालशिक्षकांचीच कमतरता आहे. अमेरिकेत असा राष्ट्रीय हक्क नाही. पाळणाघरांना परवाना देण्याचे काम राज्यांचे असते आणि प्रतीक्षायादी ज्या-त्या पाळणाघराची वेगळी असते, त्यामुळे एकाच वेळी अनेक याद्यांत नाव घालून ठेवणे योग्य ठरते. नाव घालण्यासाठी शुल्क घेतले जात असेल, तर ते परत मिळते का, हे आधी विचारावे.

दुसरी अडचण पत्त्याची असते. जिथे प्रवेश नगरपालिका देते, तिथे अर्जाला स्थानिक पत्ता लागतो आणि नव्याने येणाऱ्या कुटुंबाकडे नेमका तोच नसतो. बर्लिन आणि हॅम्बुर्ग येथे पाळणाघराच्या जागेसाठी आधी शासनाकडून हक्कपत्र घ्यावे लागते. बर्लिनमध्ये त्याचा अर्ज प्रवेशाच्या नऊ ते दोन महिने आधी करायचा असतो. नेदरलँड्समध्ये शुल्कावरील शासकीय भत्त्यासाठी नागरी सेवा क्रमांक (रहिवासी म्हणून नोंदणी केल्यावर मिळणारा ओळख क्रमांक) असावा लागतो, पाळणाघर राष्ट्रीय नोंदवहीत असावे लागते आणि सर्वसाधारणपणे दोन्ही पालक काम करत किंवा शिकत असावे लागतात. म्हणून तात्पुरते घर घेतानाही त्या पत्त्यावर अधिकृत नोंदणी करता येईल का, हे घरमालकाकडून लेखी घ्यावे.

कागदपत्रांत सर्वाधिक खोळंबा लसीकरणाच्या नोंदीमुळे होतो. देशोदेशींचे वेळापत्रक वेगळे असते. काही देशांत गोवराची पहिली मात्रा नवव्या महिन्यात देतात, तर अमेरिकेत वयाच्या पहिल्या वाढदिवसाआधी दिलेली मात्रा नेहमीच्या मात्रांत मोजली जात नाही आणि ती पुन्हा घ्यावी लागते. जर्मनीत १ मार्च २०२० पासून एक वर्षावरील मुलाला गोवराच्या लसीचा पुरावा दिल्याशिवाय पाळणाघरात घेता येत नाही. ऑस्ट्रेलियात लसीकरण अद्ययावत नसल्यास शुल्कावरील शासकीय सवलत मिळत नाही. आमची सूचना अशी की, निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांकडून प्रत्येक लसीचे नाव, कोणत्या आजारावरची ती आहे आणि दिल्याची पूर्ण तारीख लिहिलेले, सही-शिक्क्याचे पत्र घ्यावे. केवळ व्यापारी नाव लिहिलेली पुस्तिका परक्या देशातील डॉक्टरांना अनेकदा उलगडत नाही. जन्मदाखल्याची प्रमाणित भाषांतरित प्रतही याच वेळी करून घ्यावी.

शुल्काविषयी एवढेच पाहावे, की सांगितलेल्या रकमेत जेवण, डायपर आणि सुट्टीचे दिवस धरलेले आहेत का, आणि प्रवेश रद्द करण्यासाठी किती आधी कळवावे लागते.

पाळणाघर प्रत्यक्ष पाहता आले तर उत्तम. न आल्यास दूरदृश्य भेट मागावी. खेळणी आणि रंगवलेल्या भिंतींपेक्षा एका शिक्षिकेकडे किती मुले आहेत, याकडे आम्ही अधिक लक्ष देतो. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालील तीन मुलांमागे किमान एक व्यक्ती असावी लागते. दोन वर्षांच्या मुलांसाठी हे प्रमाण सप्टेंबर २०२३ पासून चारऐवजी पाच मुलांमागे एक असे सैल करण्यात आले. तेथील तपासणी अहवाल सर्वांना वाचता येतात आणि ते वाचूनच भेटीला जावे. तेच शिक्षक किती काळ टिकतात, हा प्रश्नही संकोच न करता विचारावा. एका वर्षात तीन-तीन चेहरे बदलले, तर नव्या देशात आधीच गोंधळलेल्या मुलाला धरायला कोणीच उरत नाही.

प्रवेशाच्या पहिल्याच दिवशी मुलाला सोडून कामावर जाता येईल, असे कृपया गृहीत धरू नये. अनेक देशांत मुलाला रुळू देण्याचा एक ठरलेला काळ असतो आणि पालकाची उपस्थिती त्यात आवश्यक मानली जाते. जर्मनीत रूढ असलेल्या बर्लिन पद्धतीत पहिले तीन दिवस पालक थोडा वेळ मुलासोबत बसतात आणि मुलाला एकटे ठेवण्याचा प्रयत्नच होत नाही; चौथ्या दिवशी पालक काही मिनिटांसाठी बाहेर जातात, आणि मूल शिक्षिकेकडून शांत होते का, हे पाहून पुढची गती ठरते. याला काही आठवडे लागू शकतात. त्यामुळे रुजू होण्याची तारीख प्रवेशाच्या तारखेनंतर किमान तीन-चार आठवड्यांनी असावी, आणि हे नोकरीचा करार होण्यापूर्वीच मागून घ्यावे.

भाषेची काळजी प्रत्येक पालक करतात. परकी भाषा कानावर पडू लागल्यावर काही मुले पाळणाघरात अनेक आठवडे, कधी काही महिने, जवळजवळ बोलत नाहीत. ती त्या काळात ऐकत आणि समजून घेत असतात. मुलाने नवी भाषा लवकर शिकावी म्हणून घरची भाषा थांबवू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. भूक, तहान, शू, झोप, दुखणे यांसाठी मूल घरी जे शब्द वापरते, ते उच्चारानुसार स्थानिक लिपीत लिहून शिक्षिकेला द्यावेत. ही यादी आम्ही तयार करून देतो.

जागा मिळवून देण्याची हमी आम्ही देत नाही आणि कोणत्याही पाळणाघराकडून मोबदला घेत नाही. अर्ज भरणे, स्थानिक भाषेत पत्रव्यवहार करणे, प्रतीक्षायादीतील स्थानाची चौकशी करत राहणे आणि करारातील अटी समजावून देणे, हे आमचे काम आहे. ठरलेल्या तारखेपर्यंत जागा न मिळाल्यास अडचण होऊ नये म्हणून नोंदणीकृत घरगुती बालसंगोपकांचा (स्वतःच्या घरी काही मुले सांभाळणाऱ्यांचा) पर्याय आम्ही त्याच वेळी तपासत असतो. जर्मनीत तीन वर्षांखालील मुलाचा कायदेशीर हक्क अशा सेवेतूनही पूर्ण करता येतो, आणि फ्रान्समध्ये तर असंख्य कुटुंबे हाच मार्ग पत्करतात.

काम सुरू करण्यासाठी मुलाची जन्मतारीख, व्हिसाचा प्रकार, निघण्याचा अंदाजे महिना आणि कामाच्या ठिकाणाचा पत्ता एवढी माहिती आम्हाला कळवावी. घराचा पत्ता ठरलेला नसला तरी चालेल. कामाच्या ठिकाणावरून कोणत्या भागात घर शोधणे सोयीचे होईल, हे आम्ही तेथील पाळणाघरांची स्थिती पाहून सुचवू.